कोतवालाला शंभरपैकी सत्त्याण्णव

ज्या गोष्टीचे काम काहीही होऊ न देणे हे असते, तिची पारख करणे फार अवघड असते. गवंड्याचे काम भिंत उभी राहिली की दिसते, न्हाव्याचे आरशात दिसते. पण पहारेकऱ्याचे काय? वर्षभर चोरी झाली नाही, तर पहारेकरी चांगला की चोर आळशी, हे कोणी ठरवायचे? आमच्या नोंदणी कार्यालयाने ते ठरवून दाखवले. त्यासाठी सात जणांची समिती नेमली, समितीच्या अकरा बैठका झाल्या आणि सदस्य-सचिव या नात्याने सर्व बैठकांची इतिवृत्ते लिहिण्याचा मान मला मिळाला. पुढील निवेदन मात्र मी स्वतःहून करत आहे. ते कोणी मागितलेले नाही.

आमच्या कार्यालयात जन्म, मृत्यू, विवाह आणि नावातील बदल यांची नोंद होते. इमारत चार मजली आहे. एकूण संगणक त्रेसष्ट, त्यांपैकी चालू अठ्ठावन्न (उरलेले पाच भांडारात आहेत आणि त्यांना आजवर एकदाही विषाणूची बाधा झालेली नाही). एके दिवशी वरून परिपत्रक आले. प्रत्येक कार्यालयाने एक विषाणूरोधक प्रणाली, म्हणजे ज्याला आपण साध्या भाषेत अँटिव्हायरस म्हणतो ती, निवडावी. निवड दोन निकषांवर करावी. सामर्थ्यासाठी पन्नास गुण आणि लौकिकासाठी पन्नास.

समितीची रचना विचारपूर्वक करण्यात आली. अध्यक्षपदी आमचे साहेब होते. मृत्यू कक्षाचे प्रमुख, विवाह कक्षाच्या प्रमुख बाई, भांडारपाल, आस्थापना विभागाचे एक गृहस्थ (यांनी अकराही बैठकांत मिळून एकच वाक्य उच्चारले आणि ते पंख्याबद्दल होते), मी, आणि बाहेरचे तज्ज्ञ म्हणून एक निवृत्त गुरांचे डॉक्टर. डॉक्टरांनी हयातभर विषाणूंशी झुंज दिली होती, त्यामुळे त्यांच्या नावाला कोणी आक्षेप घेतला नाही. कार्यालयात संगणकातले ज्याला खरोखर कळते असा एकच माणूस आहे. त्याला सगळे 'संगणकवाला' म्हणतात. त्याला समितीत घेतले नाही. ज्याला विषय कळतो त्याचे मत आधीच बनलेले असते, आणि समितीला मोकळ्या मनाची माणसे लागतात.

पहिली अडचण सामर्थ्याची आली. प्रणाली विषाणू पकडते की नाही हे पाहायचे तर आधी विषाणू हवा. भांडारपालांनी साठा नोंदवही चाळली, तीत विषाणू असे शीर्षकच नव्हते. मग मुख्यालयाला रीतसर पत्र गेले: 'चाचणीसाठी विविध आकारांचे किमान दहा विषाणू तातडीने पुरवावेत.' दीड महिन्याने उत्तर आले की, मुख्यालयात उत्तम प्रणाली बसवलेली असल्याने विषाणू शिल्लक नाहीत. आम्ही विचारले, ती उत्तम प्रणाली कोणती? उत्तर आले, निवड प्रक्रिया सुरू आहे.

तेव्हा विषाणूंचा नाद सोडून तीन प्रणाली पाळीपाळीने एकेक महिना सर्व संगणकांवर बसवाव्यात आणि कर्मचाऱ्यांना प्रश्नावली द्यावी असे ठरले. प्रश्नावलीत चौदा प्रश्न होते. त्यांतला मुख्य प्रश्न माझा: 'आपल्या संगणकावर प्रणाली आहे याची जाणीव आपल्याला दिवसातून किती वेळा होते?'

पहिल्या प्रणालीला लोकांनी 'मुकी' असे नाव ठेवले. महिनाभर ती होती की नव्हती हेच कळले नाही. संगणकवाला म्हणाला, तिने एकोणीस धोके गुपचूप परतवले आणि त्यांची यादीही करून ठेवली आहे. यादी कोणी उघडली नाही. जे काम स्वतःहून दिसायला येत नाही त्याला शोधत जाणे समितीच्या कार्यकक्षेत बसत नव्हते. मुकीला सामर्थ्यात अकरा गुण मिळाले आणि लौकिकात चार. ते चारही विवाह कक्षाच्या बाईंनी तिच्या चिन्हाचा रंग आवडला म्हणून दिले.

दुसरी 'जाडी'. ती बसवल्यापासून संगणक सुरू व्हायला पंचवीस मिनिटे लागू लागली. कर्मचाऱ्यांना ती मनापासून आवडली. सकाळी बटण दाबावे, चहा घ्यावा, छत्री वाळत घालावी, शेजारच्या टेबलावर जाऊन घरचे सांगावे, परत यावे, तरी चाक फिरतच असे. 'एवढा वेळ घेते म्हणजे आत काहीतरी भारी चाललेलं असणार,' असा अभिप्राय एक्केचाळीस जणांनी शब्दशः सारखाच लिहिला (अभिप्राय एकाने लिहिला होता, बाकीच्यांनी उतरवला). तिला एकूण एकाहत्तर गुण पडले. साहेबांचाही संगणक पंचवीस मिनिटे घेऊ लागला नसता, तर तीच निवडली गेली असती.

आणि मग आला 'कोतवाल'. पहिल्याच दिवशी त्याने चारशे बारा धोके पकडले. प्रत्येक धोक्यागणिक पडद्यावर लाल ढाल उमटे, भोंगा वाजे आणि 'धोका टळला!' अशी अक्षरे लुकलुकत. कार्यालयात एकच खळबळ उडाली. आपण इतकी वर्षे चारशे बारा संकटांच्या गराड्यात बसून शांतपणे डबे खात होतो, या कल्पनेनेच कित्येकांच्या तोंडचे पाणी पळाले. साहेबांनी घरी फोन करून 'मी ठीक आहे' असे कळवले. पकडलेल्या धोक्यांत बेरीज-वजाबाकीचे यंत्र, पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ, रजेच्या अर्जाचा नमुना (तीन वेळा), मृत्यू कक्षाच्या प्रमुखांच्या मुलीचे शाळेच्या नाटकातले फोटो आणि मुकी जाताना विसरून गेलेली ती एकोणीस धोक्यांची यादी, यांचा समावेश होता. शत्रू घरातलाच असतो हे साहेब पूर्वीपासून म्हणत आले होते.

कोतवालाच्या अहवालात एक रकाना मला विशेष आवडला. 'चुकीचे इशारे' असा तो रकाना होता आणि त्यापुढे शून्य होते. हा आकडा प्रणाली स्वतःच देते, त्यामुळे त्यात मानवी चूक संभवत नाही. कोतवालाला शंभरपैकी सत्त्याण्णव गुण देण्यात आले. तीन गुण कापले, नाहीतर समितीने पक्षपात केला असे कोणीतरी म्हणाले असते.

निवड झाली आणि कोतवालाचा लौकिक पसरू लागला. तळमजल्यावरच्या फळ्यावर कक्षवार धोक्यांचा तक्ता लागला. विवाह कक्ष शहाण्णव, जन्म कक्ष अठ्ठ्याऐंशी, मृत्यू कक्ष एक्केचाळीस. मृत्यू कक्षाच्या प्रमुखांची मान खाली गेली. 'आपल्याकडे फक्त एक्केचाळीस? लोक काय म्हणतील?' असे त्यांनी आपल्या माणसांना बोलून दाखवले, आणि माणसे कामाला लागली. एकच फाईल पन्नासदा उघडून मिटली की कोतवालाला संशय येतो, हा शोध तिथल्याच एका लिपिकाने लावला. पुढच्या महिन्यात मृत्यू कक्ष दोनशे सहावर गेला. लोक दहाच्या ठोक्याला हजर होऊ लागले. ज्यांनी हयातीत कधी रजा शिल्लक ठेवली नाही ते रविवारी विचारू लागले की, कार्यालय उघडता येईल का. आसपासची चाळीस कार्यालये आमचा तक्ता पाहून गेली. 'वर्षातील सर्वांत सुरक्षित कार्यालय' असे चौकटीतले प्रमाणपत्र मिळाले आणि साहेबांच्या बढतीचा विषय मुख्यालयात निघाला.

तक्त्यात एकच घर रिकामे होते. अभिलेख कक्षापुढे दर महिन्याला शून्य येत असे.

अभिलेख कक्ष म्हणजे जिन्यामागची लांबट खोली. तिथे नोंदींच्या जुन्या बह्या असतात. आणि तिथे सूचीताई बसत. त्यांचे खरे नाव हजेरीपटात आहे, पण अकरा वर्षे त्या एकच काम करत आल्यामुळे सगळे त्यांना सूचीताई म्हणू लागले. हे काम त्यांना कोणी दिलेले नव्हते. झाले असे होते की, पूर्वी एकदा गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली आणि तीनशे बारा बह्या भिजल्या. त्या वाळवताना पाने सुटली. बांधणाऱ्याला बोलावले, त्याने विचारले, 'कुठलं पान कुठे शिवू?' तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी सांगितले, 'पानांची संख्या बरोबर भरली की झालं.' त्याने संख्या बरोबर भरून दिली. तेव्हापासून एखाद्याचा जन्म दुसऱ्याच वर्षाच्या मृत्यूंमध्ये सापडतो, आणि लग्नाच्या पानापुढे ज्याचे लग्न त्याच्या आजीचा जन्म लागतो.

सूचीताईंनी एकेक पान वाचले. त्र्याण्णव हजार पाने, अकरा वर्षे. नाव, आईचे नाव, बापाचे नाव, बही, पान, ओळ. जुन्या लिपिकांची अक्षरे त्या आता माणसे ओळखावीत तशी ओळखत. सगळे त्यांनी एका फाईलीत भरले, आणि पुस्तक आणून, चुकत-माकत, एक छोटी आज्ञावली स्वतः लिहिली. नाव टाकले की बही, पान आणि ओळ हजर. मागे पन्नाशीतल्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या होत्या. जन्माच्या दाखल्यासाठी नऊ वर्षे खेटे घालत होत्या. सूचीताईंनी चाळीस सेकंदांत ओळ काढून दिली. त्यात त्यांच्या आईचे नाव होते, जे त्यांना कोणी कधी सांगितलेले नव्हते. बाई त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिल्या. सूचीताईंनी उठून त्यांच्या बाजूला पंखा वळवला. हे कोणत्याही तक्त्यात आले नाही, कारण तसा रकाना नव्हता.

साहेबांनी मला बोलावले. 'शून्य म्हणजे काय? त्या खोलीत काही काम होतं की नाही?'

मी खुलासा मागवला. सूचीताईंनी लिहिले की, त्यांचा संगणक जुना आहे, तो बाहेर कशालाही जोडलेला नाही, त्यामुळे धोका येणार कुठून. हा खुलासा असमाधानकारक ठरवून संगणक जोडण्यात आला आणि त्यावर कोतवाल बसवण्यात आला. सातव्या मिनिटाला भोंगा वाजला. धोका एकच होता, पण आमच्या कार्यालयाच्या इतिहासातला सर्वांत मोठा. कोतवालाने कारणेही दिली: ही फाईल अकरा वर्षे रोज उघडली जाते. रोज बदलते. हिच्यात कोणत्याही कंपनीने न लिहिलेली आज्ञावली आहे. ही फाईल जगात आणखी कोणाकडे आढळलेली नाही. आणि शेवटी, 'या फाईलीचा लौकिक: नाही.'

फाईल कोतवालाच्या कोठडीत गेली. तीस दिवसांत कोणी सोडवली नाही तर ती आपोआप कायमची नष्ट होणार होती. मृत्यू कक्षाचे प्रमुख मुद्दाम जिना उतरून सूचीताईंचे अभिनंदन करायला आले. त्या उठून सरळ माझ्या टेबलाशी आल्या. सोबत संगणकवाला होता.

'भाऊ, माझी फाईल द्या,' त्या म्हणाल्या.

'ताई, ती मी नाही घेतली. प्रणालीनं घेतली.'

'प्रणालीला सांगा मग.'

संगणकवाला म्हणाला, 'साहेबांकडं जायचीपण गरज नाही. सदस्य-सचिव म्हणून तुम्हीच एक ओळ लिहून द्या. इशारा चुकीचा होता. खाली सही करा. दोन मिनिटांत फाईल बाहेर काढतो.'

इशारा चुकीचा होता. तीन शब्द. पण ते लिहिले की त्या रकान्यातल्या शून्याचा एक होणार होता. एक झाला की चाळीस कार्यालये विचारणार, दुसराही असेल का? प्रमाणपत्राचे काय, सत्त्याण्णव गुणांचे काय, साहेबांच्या बढतीचे काय? आणि ज्याने ते तीन शब्द लिहिले त्याचे काय? मी म्हणालो, 'प्रकरण समितीपुढे ठेवतो.' मला वाटते, एवढ्या सफाईने मी आयुष्यात दुसरे कोणतेही वाक्य बोललो नसेन.

सूचीताईंनी हातपाय गाळले नाहीत. त्यांच्या कपाटात पेनड्राइव्हवर एक प्रत होती. ती त्यांनी संगणकाला लावली. कोतवालाने लावताक्षणी ती उचलली आणि त्याच कोठडीत टाकली. दुसरी एक प्रत होती. तीही गेली. अभिलेख कक्षाच्या नावापुढे तीन झाले. कागदावर प्रत नव्हती, कारण चार वर्षांपूर्वी त्यांनी छापण्याची परवानगी मागितली होती आणि कागद बचतीच्या कारणास्तव ती नाकारण्यात आली होती. नाकारणाऱ्या टिपणावर सही माझी आहे. घरी प्रत नव्हती, कारण अभिलेख घरी नेऊ नयेत असा नियम आहे आणि कार्यालयात तो पाळणाऱ्या त्या एकट्याच होत्या. बाकी आम्हा सर्वांच्या घरी कार्यालयाचे पुष्कळ काही आहे, आणि ते सुखरूप आहे.

अकरावी बैठक सहाव्या दिवशी झाली. विषय क्रमांक एक, कोतवालाच्या अभिनंदनाचा ठराव. विषय क्रमांक दोन, फाईल. गुरांचे डॉक्टर इतर बैठकांत बहुतेक डुलक्या काढत, त्या दिवशी मात्र जागे होते. ते म्हणाले, 'मला एक सांगा. निरोगी जनावर औषध टोचून मारलं, तर तुम्ही ते कुठल्या रकान्यात मांडता?'

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी इतिवृत्तात लिहिले: 'सन्माननीय तज्ज्ञांनी पशुसंवर्धनाबाबत उपयुक्त माहिती दिली.'

फाईल सोडावी असे म्हणायची कोणाची छाती नव्हती. नष्ट करावी असेही कोणाला स्वतःच्या तोंडाने म्हणायचे नव्हते. विवाह कक्षाच्या बाई हळूच म्हणाल्या, 'माझ्या सासऱ्यांची नोंद ताईंनीच शोधून दिली होती हो.' अशा वेळी साहेबांचे खरे कर्तृत्व दिसते. ते म्हणाले, 'आपण कोण ठरवणार? नोंदी लोकांच्या आहेत. लोकांना विचारा.'

याहून न्याय्य काय असू शकते? त्याच दिवशी मी जाहीर सूचनेचा मसुदा केला. सूचना एक्केचाळीस ओळींची होती. पहिल्या सदतीस ओळींत परिपत्रकांचे संदर्भ, अडतिसाव्या ओळीत 'अभिलेख कक्षातील संशयित संचिका (सूची) मुदतीअंती नष्ट करण्यात येत असून, हरकत असल्यास नोंदवावी' हे वाक्य, आणि पुढे कार्यालयाची वेळ. कार्यालयाच्या संकेतस्थळावर नाव आणि क्रमांक टाकून आत आले की, कोणताही अर्ज मिळण्याआधी ही सूचना दिसेल अशी व्यवस्था केली. खाली दोन बटणे होती. एक मोठे हिरवे, 'वाचले, समजले, मान्य आहे.' दुसरे बारीक राखाडी, 'हरकत आहे.' राखाडी बटण दाबणाऱ्याने स्वतःच्या जन्मनोंदीची बही, पान आणि ओळ देणे आवश्यक होते. ही माहिती कुठे मिळेल असे विचारायला दोघे आले. त्यांना अभिलेख कक्षात पाठवण्यात आले. तिथे सूचीताईंनी त्यांना सांगितले की, ती माहिती कोठडीत आहे.

सूचीताईंनी स्वतः हरकत नोंदवली. त्या कर्मचारी असल्याने हितसंबंधित ठरल्या आणि हरकत निकालात निघाली.

मग त्यांनी एक वही घेतली आणि आठवेल तेवढे लिहायला बसल्या. सकाळी येत, रिकामा पडदा पुसत आणि लिहीत. एकोणिसाव्या दिवशी एक वेल्डिंग करणारा म्हातारा आईचे नाव शोधत आला. सूचीताईंनी डोळे मिटले. 'दोनशे सात नंबरची बही बघू. मधेच कुठेतरी आहे. त्या पानावर शाईचा मोठा डाग आहे,' त्या म्हणाल्या. दोघांनी मिळून साडेतीन तास पाने उलटली आणि डाग सापडला. मी दारातून पाहत होतो. मला तिथे काही काम नव्हते. मी दुसरीच एक फाईल मागायला आल्याचे दाखवले आणि परत फिरलो.

त्याच संध्याकाळी मी त्या तीन शब्दांचे टिपण लिहिले. दुसऱ्या दिवशी ते साहेबांसमोर ठेवण्याइतका धीर मला झाला नाही, म्हणून मी त्याची भाषा थोडी मऊ केली. तिसऱ्या दिवशी आणखी मऊ केली. पंचविसाव्या दिवशी ते टिपण असे झाले: 'प्रकरणी नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी.' ते मी सही करून संगणकवाल्याला दिले.

त्याने वाचले. 'याच्यानं बटण दाबता येत नाही,' तो म्हणाला, आणि कागद माझ्या टेबलावर ठेवून गेला.

तिसाव्या दिवशी चार वाजता मुदत संपली. मान्य, दोन हजार तीनशे सोळा. हरकत, शून्य. पडद्यावर हिरवी ढाल आली: 'धोका कायमचा नष्ट. आपण आता सुरक्षित आहात.' वरच्या मजल्यावर मृत्यू कक्षाने टाळ्या वाजवल्या, कारण प्रमाणपत्र सगळ्या कार्यालयाला मिळून होते. सूचीताईंची वही तोवर अकराशे नावांपर्यंत आली होती. फाईलीत तीन लाखांच्या वर होती.

त्यांनी मला विचारले, 'दोन हजार तीनशे सोळा लोकांनी वाचलं हो हे?'

'नोंद तशी आहे, ताई.'

'त्यांतल्या कितीतरी जणांचे दाखले मीच शोधून दिलेत,' त्या म्हणाल्या. रागावून नाही. हिशोब जुळत नसला की माणूस जसे बोलतो तसे.

त्या चार महिन्यांनी निवृत्त होणार होत्या, त्या पुढच्याच सोमवारपासून रजेवर गेल्या. वही त्यांनी भांडारात जमा केली, कारण ती कार्यालयाची होती. भांडारपालांनी नोंद केली: 'वही, वापरलेली, एक.' साहेबांची बढती झाली. कोतवाल अजून आहे, आणि अभिलेख कक्षात आता दाखला शोधायला साधारण सात महिने लागतात, तेही बही अंदाजाने माहीत असली तर. मला लाज वाटते. हे मी कुठल्या इतिवृत्तात लिहू शकलो नाही, म्हणून इथे लिहितो.

वाचणाऱ्याला माझा राग येत असेल. 'तीन शब्द लिहायला काय जात होतं?' असे आपण मनात म्हणत असाल, आणि ते बरोबरच आहे. मीही घरी बसून तेच म्हणत होतो. म्हणून एके दिवशी मी त्या दोन हजार तीनशे सोळा नावांची यादी मागवून घेतली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. प्रत्येक नावापुढे सूचना वाचायला लागलेला वेळ आहे. सरासरी एक सेकंद आणि चार दशांश. एका गृहस्थांना चार मिनिटे लागली होती. मी त्यांना मोठ्या आशेने फोन केला, तेव्हा कळले की मधेच दार वाजले म्हणून ते उठून गेले होते. एकोणचाळिसाव्या क्रमांकावर मी स्वतः आहे. मला रजेचा अर्ज हवा होता. सूचना मीच लिहिलेली असल्याने ती पुन्हा वाचण्याचे कारण नव्हते.

आणि त्याच पानावर, थोडे खाली, आपले नाव आहे. मी क्रमांक दोनदा पडताळून पाहिला. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी आपण आत आलात आणि एका सेकंदात मान्य करून पुढे गेलात. आपल्याला जो अर्ज हवा होता तो मिळाला असेल, अशी आशा आहे.